बाईंना विचारा: आपला मुलूख कलेत उतरतो तो कसा?

मागच्या अंकात 'आपला मुलूख आणि कला' या विषयावर प्रश्न मागवले होते. टपालानं आले, ईमेलनं आले, एक तर किराणा दुकानाच्या पावतीमागे लिहून आला. त्यातले निवडक घेतले आहेत. सोबत कविता जोडणाऱ्यांनी रागावू नये. या पानावर कवितेला जागा नाही आणि परत पाठवायला माझ्याकडे तिकिटं नाहीत.

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडला, वुस्टरला जाऊन आले. जवळच मॉल्वर्नच्या टेकड्या आहेत. तिथे एल्गार नावाच्या संगीतकाराचा पुतळा आहे, त्याचं घर जपलंय, त्याच्या नावानं गाडीरस्ता आखलाय. गाईड म्हणाला, या टेकड्यांनीच त्याला सूर दिले. परत आले तर विमानतळापासून घरापर्यंत नुसतं ऊन आणि धूळ. आपल्या मुलखानं कोणाला काय दिलं?
(एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: ताई, विमानतळ ते प्रतापनगर एवढ्यावर मुलखाची परीक्षा घेतली तर तो नापासच होणार.

आधी तुमच्या एल्गारचं बघू. जन्म १८५७ चा, वुस्टरजवळच्या ब्रॉडहीथ गावातला. त्या टेकड्या त्यानं पायी आणि सायकलवर पालथ्या घातल्या, हे खरंच. तिथल्या एका टेकडीवर जुन्या कोटाचे चर आहेत. तिच्याकडे बघून आईनं त्याला विषय सुचवला आणि १८९८ मध्ये त्यातून 'कॅरॅक्टॅकस' हे मोठं समूहगायन उभं राहिलं. इथवर तुमचा गाईड बरोबर. पण शेवटच्या आजारपणात त्यानं एका मित्राला आपल्या चेलो कन्चेर्टोची धून गुणगुणून दाखवली आणि म्हणाला, मॉल्वर्नच्या टेकड्यांवर कोणी ही धून शिट्टीवर वाजवताना ऐकू आलं तर घाबरू नकोस, मीच असेन. अशी आठवण सांगतात. आता गंमत बघा. ती रचना त्यानं पुरी केली १९१९ मध्ये, मॉल्वर्नपासून दूर, ससेक्सच्या रानातल्या एका लहानशा घरात. टेकड्यांसमोर बसून नाही. त्याच टेकड्यांवर चौदाव्या शतकातल्या एका जुन्या इंग्रजी काव्याची सुरुवात होते, आणि त्या काव्याचं नावच एका नांगऱ्याच्या नावावर आहे.

मला वाटतं ते असं: देखावा बघून कला होते हे अर्धंच खरं. मुलूख अंगात मुरतो तो तिथे राबताना, राबणाऱ्यांत वावरताना. बाहेर पडतो तो बऱ्याचदा तिथून दूर गेल्यावर. पुढच्या उत्तरांतही मी हेच उगाळणार आहे, तेव्हा आत्ताच सांगून टाकलं.

आता आपल्याकडे या. रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. 'मेघदूता'तला यक्ष आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग बघतो तो रामगिरीवर. रामगिरी म्हणजे रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीनं मांडलं. त्याला आधारही तसा आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आजचं नगरधन, रामटेकपासून हाकेच्या अंतरावर. काही विद्वान छत्तीसगडातल्या सरगुजा भागातल्या रामगढ डोंगराचं नाव घेतात. घेऊ द्या. मी नागपूरची आहे, माझं मत विचारायची गरज नाही.

पण त्या ढगाला वाट सांगताना कवी काय दाखवतो ते बघण्यासारखं आहे. अजून ढग धड निघालाही नाही, तोच शेतकऱ्यांच्या बायका येतात. 'त्वय्यायत्तं कृषिफलम्', पीक तुझ्याच हाती आहे, म्हणून त्या मान वर करून त्याच्याकडे बघतात. भुवया नाचवणं त्यांना ठाऊक नाही, नजरेत नुसती माया. खाली नुकत्याच नांगरलेल्या मातीचा वास. मातीचा वास कोणालाही सुचेल हो. पण ढगाकडे बघणाऱ्या बाईच्या डोक्यात पिकाचा हिशेब चाललेला आहे हे लिहायला कवी पेरणीच्या दिवसांत बांधावरून चाललेला असावा लागतो.

आणि उन्हाची एवढी हेटाळणी नको. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या वर, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. असे दिवस काढलेल्या माणसालाच पहिला ढग म्हणजे काय ते कळतं. वुस्टरला ढग रोजचाच, त्याच्या हाती कोण निरोप देणार?

प्रश्न: ग्रेस नागपूरचे. मग त्यांच्या कवितेत नागपूर कुठे आहे? ओळखीची एक जागा सापडत नाही.
(एक विद्यार्थी, एम. ए. मराठी)

उत्तर: सीताबर्डी आणि महाल शोधत असशील तर नाहीच सापडणार. वेळ शोध. १९६७ च्या संग्रहाचं नावच 'संध्याकाळच्या कविता'. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात दिवसातली पहिली सोसवणारी वेळ संध्याकाळची. अंगणात पाणी मारून, खाट टाकून मग कुठे माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. दिवसभराचं न बोललेलं तेव्हा बाहेर पडतं. हे माझं वाचन झालं. परीक्षेत लिहू नकोस, गुण कापतील.

प्रश्न: माझं सासर देसाईगंजचं. दिवाळी झाली की घरातली सगळी रात्र-रात्र नाटकाला जातात. नागपुरात वाढलेल्या मला ते भडक वाटतं. ओरडून बोलणं काय, मध्येच नाच काय! आमचे हे म्हणतात, 'ही आमच्या मातीतली कला आहे.' मातीचा आणि या नाटकाचा खरंच काही संबंध आहे, की उगाच गावाचा अभिमान?
(एक सूनबाई, मानेवाडा)

उत्तर: सूनबाई, माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत चित्रकला शिकवण्यात गेली आणि त्यातली बरीचशी वैनगंगेच्या काठच्या गावांत. त्यामुळे झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकाबद्दल मी तटस्थ नाही, हे आधी कबूल. आणि तू ज्या घरात पडली आहेस ते तर या नाटकांचं मुख्य ठाणं. वडसा म्हणतात ते हेच, तिथे नाट्यकंपन्यांच्या पाट्या ओळीनं लागलेल्या असतात.

संबंध कुठे आहे ते धानाकडे बघून कळेल. पाऊस पडला की पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे, मग रोवणा, म्हणजे लावणी. बायका गुडघाभर चिखलात वाकून ओळीनं मागे मागे सरकतात आणि तोंडानं गाणं चालू. या दिवसांत गावात कोणाला मान वर करायला सवड नाही. हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो, भारी त्यानंतर. पुंजणे रचले गेले, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या झाल्या, हातात चार पैसे आले, थंडी पडली. मग भाऊबीजेपासून एकेका गावची मंडई, म्हणजे जत्रा. लेकी माहेरी, पाहुणे दारात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. नाटकाचा मंडप पडतो तो बऱ्याचदा कापणी झालेल्या बांधीतच. पाच-सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा चिखल होणार. म्हणजे या नाट्यगृहाचं आरक्षण पाऊस करतो, आणि तू विचारतेस मातीचा संबंध काय!

आता ओरडण्याचं. तू नाटक बघितलंस ते देशपांडे सभागृहात, थंडगार हवेत, गादीच्या खुर्चीवर. इथे उघड्या शेतात, कापडाच्या मंडपात, चादरी पांघरून बसलेली दोन-चार गावं समोर. बाजूला चहाची टपरी, पलीकडे पोरांची रडारड. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळलं पाहिजे. आता माईक आले, तरी गळ्याची सवय त्या अंतराची आहे. गाण्याची पट्टीही म्हणूनच चढी. नाटक पहाटेपर्यंत का चालतं, हे मला विचारशील तर पूर्वी जंगलातल्या वाटेनं मध्यरात्री बैलगाडी काढून घरी जाणार कोण? त्यापेक्षा उजाडेपर्यंत राजा-राणी बघितलेले बरे.

भडकपणाबद्दल मात्र तुझं थोडं खरं आहे. हल्ली काही नाटकांत नाचाला कथेपेक्षा जास्त वेळ मिळतो, ते मलाही आवडत नाही. पण त्याच मंचावर कर्ज, दारू, हुंडा, भाऊबंदकी हे विषय येतात आणि समोर बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावतात. ते रडणं भाड्यानं आणलेलं नसतं. आणि याच्याही मागची जुनी दंडार आठवणारी माणसं अजून आहेत. रात्रभर, साध्या उजेडात, बायकांची सोंगं पुरुषच घ्यायचे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती या झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठीच. यजमानांना सांग, बाईंनी पाठिंबा दिला.

एक मात्र सांगते, माझ्या धंद्यातलं. नाटकाचे रंगवलेले पडदे मी मुद्दाम जवळ जाऊन बघायचे. राजवाडा, रस्ता, देऊळ आणि जंगल. जंगलाच्या पडद्यावर हटकून बर्फाचा डोंगर, धबधबा आणि देवदारासारखी टोकदार झाडं. मंडपाच्या मागे खरं सागाचं रान उभं, त्यातलं एक पान पडद्यावर नाही. एका पडदेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, हे तं रोजच दिसते. याले पैसे कोन देईन?" त्याचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही. गावाला चित्रात गाव नको असतं. ते बाहेर गेलेल्याला हवं असतं.

प्रश्न: मी कीबोर्ड वाजवतो, चाली लावतो. मामाच्या गावचे पक्षी, पाऊस, बैलांच्या घंटा मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात. गाण्यात टाकतो, पण गाव येत नाही. काय चुकतंय?
(एक तरुण वाचक, हुडकेश्वर)

उत्तर: घंटेचा आवाज टाकला की गाव येत नाही भाऊ, तुपाची जाहिरात येते.

वऱ्हाडचे कवी विठ्ठल वाघ यांचं तिफणीचं गाणं तुला पाठ असेल. 'अरे संसार संसार' या चित्रपटातून ते महाराष्ट्रभर गेलं. 'काळ्या मातीत मातीत तिफण चालते.' मातीत हा शब्द दोनदा का? तिफण कधी बघितली आहेस का? तीन फण, वर लाकडी चाडं, पुढे बैल, मागून पेरणारी बाई मुठीनं चाड्यात बी सोडत चाललेली. मूठ सैल पडली की बी दाट पडतं, आवळली की विरळ. बैलांचं पाऊल आणि तिची बोटं यांचा मेळ बसला नाही तर उगवण झाल्यावर साऱ्या गावाला दिसतं. माझ्या कानाला ते 'मातीत मातीत' त्या चालीचंच पाऊल वाटतं. त्या गाण्यात बैलाच्या घंटेची गरज नाही, कारण बैल ओळीतच चालतोय.

दुसरं उदाहरण माळव्यातलं. कुमार गंधर्व क्षयरोगामुळे १९४८ मध्ये देवासला राहायला गेले. गाणं बंद. अंथरुणावर पडून आजूबाजूच्या बायका काय गातात ते ऐकत राहिले. लोकधुनांत त्यांना रागाची बीजं दिसली आणि पुढे त्यातून त्यांचे धुनउगम राग आले, मालवती, लगनगंधार वगैरे. 'गीतवर्षा' हा त्यांचा पावसाळ्याच्या गाण्यांचा कार्यक्रम मिळेल तिथून ऐक. पावसाचा आवाज त्यात कुठे काढलेला नाही. पाऊस पडल्यावर माणसं जे गातात ते आहे.

आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐक. एक हातात मावणारं वाद्य, पण तिच्यावर अख्खं गाव उठून उभं राहायचं.

तेव्हा या पावसाळ्यात मोबाईल घरी ठेव आणि मामाच्या बांधीत एक दिवस रोवण्याला उतर. कंबर मोडेल. संध्याकाळी तोंडात जे काही येईल ते वहीत लिही आणि मग कीबोर्डला हात लाव.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, चित्रं काढतो. मोबाईलवर फोटो बघून निसर्गचित्रं करतो, सुरेख करतो. त्याच्या सरांचं म्हणणं, बाहेर जाऊन बसलं पाहिजे. उन्हात पोराला कुठे पाठवू? फोटो चालत नाही का?
(एक आई, हिंगणा रोड)

उत्तर: फोटो चालतो, पण फोटोतला हिरवा रंग खोटा असतो. माझ्या वर्गात निसर्गचित्राचा तास असला की मी आधी सगळ्यांच्या हिरव्या बाटल्या टेबलावर जमा करून घ्यायचे. पोरं हैराण. पण विदर्भात वर्षातले कितीतरी महिने हिरवं दिसतच नाही. फाल्गुनात पळसाला पान नसतं, नुसती केशरी फुलं, आणि फुलाच्या बुडाशी काळसर मखमली वाटी. ती वाटी ज्यानं काढली त्यानं पळस बघितला, बाकीच्यांनी कॅलेंडर. उन्हाळ्यात सागाची झाडं उघडी, खाली पानांचा चुरा. पाऊस पडला की सागाला कोवळं पान येतं, ते तळहातावर चोळलं की हात लाल होतो. हे फोटोत कुठून येणार?

आणि काळी माती काळी रंगवू देऊ नका. सुकलेली असताना ती राखाडी-तपकिरी, भेगांच्या आत गडद. पहिला पाऊस पडला की जवळजवळ काळी होते, पण निळसर. बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन मिसळून करून बघायला सांगा. काळ्या ट्यूबला हात लावायचा नाही.

तुमच्या मुलाला एका नागपूरच्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगा. सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावातला. वडील वनखात्यात, त्यामुळे लहानपण जंगलात, नर्मदेच्या मुलखात. रात्री काळ्याकुट्ट, पोराला भीती वाटायची. उजाडलं की जीवात जीव. शाळेत चित्त थाऱ्यावर नसायचं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक टिंब काढलं आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. तेव्हा मंडला ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूर, म्हणून चित्रकला शिकायला तो इथेच आला. १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट, मग मुंबईचं जे. जे., मग १९५० मध्ये पॅरिस. तिकडे गावं, चर्च, डोंगर पुष्कळ रंगवले, नाव झालं. आणि मंडल्याची ती काळी रात्र आणि भिंतीवरचं ते टिंब 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रात भरभरून आलं ते १९८० च्या आसपास, साठीला टेकल्यावर, फ्रान्समध्ये बसून. २०१६ मध्ये दिल्लीत गेले, दफन मात्र मंडल्याला, वडिलांच्या शेजारी.

म्हणून पोराला बाहेर पाठवा. चित्र आजच चांगलं यायला हवं असं नाही. आत्ता डोळ्यांत भरून घेऊ दे, कामाला कधी येईल ते सांगता येत नाही. उन्हाचं म्हणाल तर सकाळी साडेसहाला पाठवा, नऊला घरी. वेणा धरणाच्या बाजूला जाऊ दे. टोपी आणि पाण्याची बाटली.

प्रश्न: बाई, तुमाले झाडीपट्टीच दिसते काय? आमच्या वऱ्हाडात काय कलाकार पिकत नाय काय?
(एक वाचक, अकोट, सध्या मुक्काम नागपूर)

उत्तर: पिकतात ना बाप्पा! तुमच्या अकोल्याकडचे विठ्ठल वाघ वरच घेतले की. गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मले, सह्याद्रीचे गड हिंडले, आणि 'पूर्णामायची लेकरं' लिहिताना तुमच्या पूर्णेच्या काठची वऱ्हाडी बोली घेऊन बसले. आणि त्याहून मागे जायचं तर म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते ऋद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस. मराठी गद्याचा पहिला ग्रंथ, आणि त्यात मोठे देखावे नाहीत. वाट, ओढा, देऊळ, झाडाखालची वस्ती, जेवण, कोण कुठे बसलं होतं. आता हसा आणि राग सोडा.

प्रश्न: नवेगावबांध-नागझिऱ्याला पहिल्यांदा जातोय. जाण्याआधी काय वाचावं?
(एक बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा', आणि मारुती चितमपल्लींचं जे मिळेल ते. चितमपल्ली वनाधिकारी होते. सोलापूरकडचा माणूस, पण लिहिता झाला तो आपल्या जंगलांत. नवेगावला माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसाकडून त्यांनी पाखरं आणि झाडं शिकून घेतली, आणि ते ऋण पुस्तकांत मोकळेपणानं मांडलं. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेले.

नवेगावच्या पाळेवर उभे राहाल तेव्हा एक लक्षात असू द्या. हा तलाव निसर्गानं दिलेला नाही, कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेला आहे. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे असे जुने तलाव, ज्यांना आता सरकारी कागदात माजी मालगुजारी आणि बोलण्यात मामा तलाव म्हणतात, ते माणसांच्या घामाचे आहेत. पाखरं नंतर आली. लेखक त्याहून नंतर.

प्रश्न: माझ्या भावाची शेती यवतमाळकडे आहे. बोंडअळीनं कपाशी गेली, कर्ज डोक्यावर. तुम्ही मातीचा वास, पळस, ढग यांचं कौतुक करता. ही शहरातल्या पोट भरलेल्या माणसांची चैन नाही का?
(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर: बऱ्याच अंशी आहे. चित्र विकत घेणारा शहरात राहतो, आणि भिंतीवर टांगायला त्याला पळस लागतो, जळलेली कपाशी नाही. ते मी नाकारत नाही.

पण तुमच्या भावाची गोष्टही याच मुलखानं लिहिली आहे. उद्धव शेळके यांची 'धग', १९६०. अमरावतीकडचं खेडं, कौतिक नावाची बाई, नवऱ्याचं आजारपण, पोरं आणि रोजचं जेवण कसं निघेल याची धडपड. माणसांचं बोलणं वऱ्हाडी बोलीत. त्यात निसर्गाचं वर्णन म्हणून वेगळं काढून दाखवावं असं फार काही नाही. ऊन आहे ते मजुरीला जाताना अंगावर पडतं म्हणून आहे. पाऊस आहे तो छप्पर गळतं म्हणून. माझ्या मते विदर्भाच्या जमिनीचं इतकं खरं चित्र कोणत्याही चित्रकारानं काढलेलं नाही. मी स्वतः चित्रकलेची असून हे म्हणते.

कलेनं भावाचं कर्ज फिटणार नाही. कोणी फिटेल म्हणत असेल तर त्याच्या कार्यक्रमाला जाऊ नका. पण ढगाकडे बघणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असतो, हे ज्या चित्रात, गाण्यात, गोष्टीत नसेल ते मलाही खोटं वाटतं. त्या बाबतीत तुम्ही आणि मी एका बाजूला आहोत.

प्रश्न: मॅडम, मी नववीत आहे. शाळेत 'माझ्या गावचा निसर्ग' हा निबंध आहे. आमच्या गावात डोंगर नाही, नदी कोरडी आहे. फक्त संत्र्याचे बगीचे. काय लिहू?
(एक विद्यार्थी, काटोल तालुका)

उत्तर: अरे, तुझ्याकडे तर भरपूर आहे. संत्र्याला ताण देतात ते लिही. अंबिया बहारासाठी थंडीत बागेचं पाणी तोडतात. पाणी विहिरीत असतं, पण द्यायचं नाही. पानं मलूल होतात, बाग आजारी दिसायला लागते. मग योग्य वेळी पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत पांढरी फुलं आणि घरापर्यंत वास. मृग बहाराचा ताण मे महिन्यातल्या उन्हात. पण मध्येच अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो आणि सगळं गणित फिसकटतं. त्या रात्री घरात कोण काय बोलतं ते तू ऐकलं असशीलच. तेच लिही.

आजोबांना विचार, ताण पुरेसा झाला हे कशावरून ओळखता. पानावरून, फांदीवरून की मातीवरून? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरव, शुद्ध करत बसू नकोस. तोडणीच्या वेळी व्यापारी बागेचा सौदा कसा करतो, फळं मोजतो की नुसती नजर टाकतो, तेही बघून ठेव.

दोन पानांच्या वर नको. 'निसर्गरम्य' आणि 'हिरवा शालू' हे शब्द आले तर मी वाचणार नाही. निबंध शाळेत देऊन झाला की एक प्रत मला पाठव. आणि या वेळी पत्त्यावर पिनकोड लिही. तुला एक पुस्तक पाठवायचं आहे, ते त्याच्याशिवाय अडलंय.